दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी निपाणीच्या दारात कितीला पडते?

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘घरात आम्ही सहाजण. माझं निपाणीत स्टेशनरीचं दुकान आहे, बायको कागलला शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला ६५ हजार येतात. घरखर्च ३० हजार, घराच्या कर्जाचा हप्ता १४ हजार. बँकेत ५ लाखांची मुदत ठेव आणि खात्यात ६० हजार आहेत. मुलगी बारावीला आहे, जूनमध्ये तिच्या प्रवेशाला दीड लाख लागतील. दिल्लीत २०१५ ची डिझेल अर्टिगा ३ लाख १० हजारांना मिळतेय. तशीच गाडी बेळगावात ५ लाख ४० हजारांना आहे, तिचे टायर नवे आहेत. मेहुण्याला घेऊन रेल्वेने जायचं आणि गाडी चालवत घरी यायचं, असा विचार आहे. चिकोडीच्या आरटीओ एजंटाने कर्नाटकाचा रोड टॅक्स ५८ हजार सांगितला. मेहुणा म्हणतो, नंबर बदलायची घाई नको, नाहीतर माझ्या कोल्हापूरच्या पत्त्यावर एमएच-०९ करून टाकू. गाडी महिन्याला ८०० किलोमीटर पळेल. ठेव मोडून घेऊ का?’

नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारण घरी चर्चा सुरू असेल आणि मेहुण्याने कदाचित तिकिटंही बघितली असतील. दिल्लीची गाडी घेऊ नका, आणि बेळगावची ५ लाख ४० हजारांचीही नको. गाडी घ्या, सहा माणसांच्या घराला ती हवीच आहे. पण तिच्यासाठी तुमच्याकडे नेमके किती पैसे मोकळे आहेत हे पत्रात कुठेच आलेलं नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच अडलाय.

तुम्ही २ लाख ३० हजार वाचतात असं धरून चाललात. हा फरक दोन गाड्यांच्या मागितलेल्या किमतींमधला आहे. गाडी तुमच्या दारात उभी आहे, तिला केए-२३ ची, म्हणजे आपल्या चिकोडी आरटीओची पाटी आहे, आरसी आणि विमा तुमच्या नावावर आहे, अशा अवस्थेत ती कितीला पडली हे बघायला हवं. तुमच्या ३ लाख १० हजारांत दोघांचं रेल्वेभाडं आणि दिल्लीत ओळखीबाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी मिळून साडेसात हजार घाला. येताना साधारण १७०० किलोमीटर. लिटरला १७ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये डिझेल धरलं तर ९ हजार, टोलचे साडेतीन हजार, दोन-तीन मुक्काम आणि जेवण ६ हजार. निघण्याआधी ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड, बॅटरी यासाठी १५ हजार. इतक्या जुन्या गाडीचे टायर बहुधा बदलावेच लागतात, त्याचे २२ हजार. विमा १२ हजार. कर्नाटकाचा टॅक्स ५८ हजार. एनओसी (गाडी दुसरीकडे न्यायला दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), नाव बदल, नवा नंबर, फी आणि एजंट मिळून आणखी १२ हजार. बेरीज ४ लाख ५५ हजार.

बेळगावच्या गाडीला नावबदलाचे ५ हजार, विमा १२ हजार आणि सर्व्हिसिंगचे १५ हजार घातले की ५ लाख ७२ हजार होतात. म्हणजे फरक उरला १ लाख १७ हजारांचा, तोही बेळगावच्या माणसाशी एक रुपयाचीही घासाघीस न करता. पुढे विकायला काढाल तेव्हा आपल्या भागातला गिऱ्हाईक आरसीवरचा जुना नंबर बघून दर पाडतो. त्यात ३०-४० हजार गेले असं समजा. उरलेल्या ७७ ते ८७ हजारांसाठी तुम्ही जी जोखीम उचलताय, तिच्याबद्दल आता सविस्तर.

दिल्लीत ही गाडी स्वस्त का, हे तुम्हाला माहीत असेलच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं होतं, ते काही दिवसांत थांबवावं लागलं. पुढे ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवरच्या कारवाईला तात्पुरता लगाम घातला. म्हणजे नियम वर्षात दोनदा-तीनदा हलतो, आणि ज्या गाडीवर तुमची नजर आहे ती २०१५ ची, बरोबर त्या रेषेवरची. विकणारा घाईत आहे तो याचमुळे. त्याच्या घाईचा फायदा तुम्हाला मिळतो हे खरं, पण कागद अडकले तर ते त्याच्या गळ्यातून निघून तुमच्या गळ्यात पडतात. त्याला पैसे मिळालेले असतात आणि तुम्ही १७०० किलोमीटर दूर असता.

सगळं अडतं ते एनओसीवर. फॉर्म २८ वर गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार हे लिहिलेलं असतं. तुमच्या बाबतीत तिथे चिकोडी यायला हवं. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहून गेलेलं असतं, चलनं थकलेली असतात, आणि अशा गाडीची एनओसी निघत नाही. दलाल म्हणतो, तुम्ही गाडी घेऊन जा, कागद कुरिअरने पाठवतो. या वाक्यावर कधीही पूर्ण पैसे देऊ नका. एनओसी हातात नसेल तर तुम्ही गाडी विकत घेतलेली नाही, फक्त तिचे पैसे दिले आहेत.

आता मेहुण्यांच्या दोन सूचना. ते तुमच्या भल्याचंच बोलतात, पण दोन्ही तुम्हाला महागात पडतील.

नंबर बदलायची घाई नको, असं ते म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, हे बरोबर आहे. पण ती मुदत नंबरासाठी आहे, मालकीसाठी नाही. गाडी विकत घेतल्यापासून ३० दिवसांत नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. आणि वर्ष थांबलात तरी टॅक्स चुकत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. गाडीचं वय एका वर्षाने वाढल्यावर तो थोडा उतरतो, पण त्या वर्षभरात रस्त्यावर अडवलं की दरवेळी दुसऱ्याच्या नावाची आरसी दाखवत समजूत घालायची. राज्याची हद्द ओलांडून निपाणीहून कागलला रोज ये-जा करणाऱ्या घराने हे ओझं घ्यावं असं मला वाटत नाही.

एमएच-०९ चा मोह मी समजू शकते. निपाणीत घरटी एखादी तरी एमएच-०९ गाडी दिसते. ज्यांचं घर, नोकरी, शेती खरोखर तिकडे आहे त्यांचं ठीक. पण तुम्ही राहता निपाणीत, गाडी उभी राहणार निपाणीत, आणि कलम ४० प्रमाणे नोंदणी राहत्या किंवा गाडी ठेवण्याच्या ठिकाणच्या राज्यातल्या अधिकाऱ्याकडे करायची असते. मेहुण्यांच्या पत्त्यावर करायची म्हणजे गाडी त्यांच्याच नावावर करावी लागेल. पैसे तुमचे, मालक ते. नात्यात आज काही नाही, पण गाडीवर दावा, वाटणी, किंवा अपघाताची केस उभी राहिली की कायदा नोंदणीकृत मालकालाच विचारतो. त्यांनाही या फेऱ्यात ओढू नका.

विम्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण सगळ्या प्रवासाचा धोका त्यातच आहे. गाडी विकली की थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र आपोआप येत नाही. तो नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही त्याचीच, ती गाडीसोबत मिळत नाही, म्हणून हप्ता वाढतो. आता विचार करा: दिल्लीहून तुम्ही संध्याकाळी निघालात, पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, आणि उदयपूरच्या पुढे रात्री गाडी दुभाजकावर गेली. दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याला भरपाई मिळेल. तुमची ३ लाखांची गाडी मात्र तुमची तुम्हीच दुरुस्त करायची, किंवा तिथेच भंगारात द्यायची. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही तुमच्या नावाने असल्याशिवाय तुमच्या कुटुंबाच्या कामाचा नाही. हे वाक्य मी वहिनींनीही वाचावं म्हणून लिहिते आहे.

रस्ता स्वतः अवघड नाही. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, पुणे, सातारा, कोल्हापूर करत जो राष्ट्रीय महामार्ग ४८ येतो तोच कोगनोळीचा टोलनाका ओलांडून तुमच्या निपाणीला येतो. गाडी चालवत आणण्यात मजा आहे, हेही मला मान्य. पण अनोळखी जुन्या गाडीची पहिली खरी परीक्षा सलग १७०० किलोमीटरची घेणं, आणि तीही आपल्या ओळखीचा एकही फिटर नसलेल्या मुलखात, यात पैसे जातात. इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर परगावातला गॅरेजवाला सांगेल तो दर द्यावा लागतो, वर मुक्काम वाढतो आणि दुकान बंद राहतं. तुमच्या दुकानाच्या चार दिवसांच्या गल्ल्याचा आकडा मी हिशोबात धरलेला नाही. तो तुम्ही धरा.

आता डिझेलचं. ८०० किलोमीटरला डिझेल साधारण ४२०० रुपयांचं लागेल. अशीच पेट्रोल गाडी लिटरला १४ देईल आणि पेट्रोल १०३ धरलं तर ५९०० रुपये होतील. वर्षाला २० हजारांची बचत. दहा-अकरा वर्षांच्या डिझेल गाडीत एक मोठं काम निघालं की दोन-अडीच वर्षांची ही बचत एका बिलात जाते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर पळवणाऱ्याने डिझेलच घ्यावं. तुमच्या ८०० ला पेट्रोल चालतं, आणि ते शोधायला दिल्लीला जावं लागत नाही.

मग तुमच्याकडे मोकळे पैसे किती? ५ लाख ६० हजारांतून मुलीच्या प्रवेशाचे दीड लाख आधी बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही, जूनमध्ये कॉलेज थांबत नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून ४४ हजार. वहिनींचा पगार नियमित आहे म्हणून चार महिन्यांचा साठा पुरेल, तो पावणेदोन लाख. राहिले २ लाख ३५ हजार. हेच तुमचे गाडीचे पैसे. दिल्लीची गाडी ४ लाख ५५ हजारांना पडते आणि आल्यावर क्लच-सस्पेन्शनसाठी ३० हजार हाताशी हवेत. म्हणजे जूनचे पैसेही त्यात जातात आणि अडीअडचणीचेही. तिला मी नाही म्हणते ते यासाठी.

माझा सल्ला असा की सगळा खर्च धरून ४ लाखांच्या आत बसणारी गाडी शोधा. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३ किंवा हुबळी-धारवाडची केए-२५ पासिंग, म्हणजे राज्याचा टॅक्स पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. पेट्रोल बघा. सात सीटचा हट्ट थोडा सैल करता आला तर निवड खूप वाढते. सहाही जण रोज एकत्र जात नाहीत, वर्षातून चार वेळा जोतिबाला किंवा लग्नाला मोठी गाडी भाड्याने घेतली तरी स्वस्त पडेल. २ लाख ३५ हजार स्वतःचे घाला आणि उरलेल्या १ लाख ६५ हजारांचं जुन्या गाडीचं कर्ज घ्या. १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता साडेपाच ते पावणेसहा हजारांच्या मध्ये येतो. तुमचे महिन्याला २१ हजार शिल्लक राहतात, त्यातून हप्ता, पेट्रोल आणि दुरुस्तीचे दोन-तीन हजार काढले तरी ६-७ हजार उरतात. ठेवीवर कर्ज घेतलं तर व्याज बरंच कमी लागेल, पण ती ठेव अडकून पडते आणि जूनमध्ये तुम्हाला तीच लागणार आहे. म्हणून यावेळी महाग कर्ज चालेल. ठेव मोडताना सगळी मोडू नका. बँकेला विचारून अंशतः मोडता येते का बघा, नाहीतर उरलेल्या रकमेच्या त्याच दिवशी दोन वेगळ्या ठेवी करा, एक जूनची आणि एक घरच्या साठ्याची.

आणि इतकं वाचूनही मन दिल्लीच्याच गाडीवर असेल तर निदान क्रम बदला. आधी मुलीच्या प्रवेशाचे पैसे वेगळे होऊ द्या. आरसीचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून कर्ज, चलन, विमा बघा. टोकन १० हजारांच्या वर देऊ नका. चिकोडीच्या नावाची एनओसी, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचं नाव असेल तर ते काढायचा फॉर्म ३५, हे हातात आल्यावरच उरलेले पैसे, आणि तेही बँकेतून. विमा तुमच्या नावावर झाल्यावर गाडीची किल्ली. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचे असतील तर दिल्लीतच बदला. फास्टॅग जुन्या मालकाचा वापरू नका, स्वतःचा घ्या, आणि केए नंबर आल्यावर तो पुन्हा बदलावा लागेल. दिवसाला पाचशे किलोमीटरच्या वर नको, रात्री तर अजिबात नको. ट्रेलरवरून गाडी पाठवायचा दरही विचारून ठेवा, तुमचे डिझेल, टोल, मुक्काम आणि बंद दुकान धरलं तर तो फार वेगळा निघणार नाही.

चिकोडीच्या एजंटाचा ५८ हजारांचा आकडा मात्र कोणताही निर्णय घेण्याआधी आरटीओच्या खिडकीवरून पक्का करून घ्या. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, त्यामुळे आरसीची झेरॉक्स आणि असेल तर मूळ बिल सोबत न्या. त्यात १५-२० हजारांचा फरक निघाला तर वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल, आणि तो मी आनंदाने मांडून देईन.