वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवर हेडलाइटची वायर पाइपसारखी कशी दिसेल?

एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेलवर एलईडीची प्लास्टिकची वायर झाकत बसू नका, बदलाच. सांगलीत मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ३० गेजची इनॅमल (विजेला रोखणारा पातळ लेप असलेली) तांब्याची तार मागा. ती जेमतेम ०.३ मिमी, म्हणजे १:८७ ला साधारण इंची पाइप. खऱ्या इंजिनावरही टर्बो जनरेटरपासून (वाफेवर चालणाऱ्या वीजयंत्रापासून) दिव्यापर्यंत अशीच नळी जाते.

तार दोन्ही टोकांना पकडून हलकी ताणा, सरळ होते. वळण सुईभोवती द्या. पकडीच्या दातांनी इनॅमल खरवडलं की धातूच्या बॉयलरला टेकून शॉर्ट होऊ शकतं. एलईडीची दुसरी तार बॉयलरच्या पलीकडच्या रेलिंगखालून न्या. बॉयलरच्या प्रत्येक पट्ट्यापाशी बारीक क्लिप लावा, क्लिपशिवाय ती वायरच दिसते. १२ व्होल्टला १ किलोओहम रेझिस्टर, कॅबमध्ये लपवून. एलईडीजवळ फेविक्विक नको, काच पांढुरकी होते. शेवटी मॅट काळ्या रंगाचा पातळ हात.