वडिलांना एएलएस आहे, तर ग्लुटामेट असलेलं खाणं बंद करावं का?

नाही, बंद करू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना एएलएसचं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं, डॉक्टरांनी रिलुझोल सुरू केलं आणि हे औषध ग्लुटामेटविरुद्ध काम करतं असं सांगितलं. ग्लुटामेट हे अन्नातल्या प्रथिनांत आणि मेंदूतही असणारं एक अमिनो आम्ल. मग नातेवाइकांनी पाठवलेला एक व्हिडिओ पाहून घरात टोमॅटो, चीज, मशरूम, सोया सॉस बंद झाले. आता डाळी आणि दूधही बंद करायचं चाललंय. टोमॅटोवाचून फारसं बिघडत नाही, पण डाळी आणि दुधाचा विचार आजच सोडून द्या. मी डॉक्टर नाही, चेतापेशींवर प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे उपचारांचा शब्द तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचाच. ग्लुटामेटशी मात्र माझा रोजचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची भीती उगाच नाही. उंदराच्या मेंदूतून घेऊन बशीत वाढवलेल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली फार देखण्या दिसतात. कडा चमकदार, आणि त्यातून निघून एकमेकींपर्यंत पोचलेले बारीक तंतू. त्यांच्यावर १०० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती विरघळलाय ते मोजायचं एकक) ग्लुटामेट फक्त पाच मिनिटं ठेवून धुऊन टाकलं, तरी पेशी फुगायला लागतात, कडांची चमक जाते, तंतूंवर ठिकठिकाणी गाठी येतात. दुसऱ्या दिवशी पाहावं तर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. ग्लुटामेटमुळे पेशीवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट बसलं की उघडणारी दारं, उघडे राहतात, त्यातून कॅल्शियम बेसुमार आत शिरतं आणि पेशीची स्वतःचीच एन्झाइम्स तिला आतून तोडायला लागतात.

हे जिवंत प्राण्याच्या मेंदूत प्रथम ठळकपणे दाखवलं अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी, १९६९ मध्ये. नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी, टोचल्यावर त्यांच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागातल्या, पेशी मेल्या. अति उत्तेजनाने येणाऱ्या अशा मरणाला 'एक्सायटोटॉक्सिसिटी' हे नाव त्यांनीच दिलं. असे व्हिडिओ बहुतेक वेळा याच प्रयोगावर उभे असतात. पण ते एमएसजी कातडीखाली टोचलं होतं, वजनाच्या किलोमागे ४ ग्रॅमपर्यंत, आणि तेही नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना. शिवाय ज्या जागी पेशी मेल्या, तिच्या लगतच मेंदूचा असा भाग आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत विरळ असते.

ही भिंत किती महत्त्वाची आहे ते एका आकड्यावरून कळेल. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ग्लुटामेट साधारण ५० ते १०० मायक्रोमोलर असतं. म्हणजे बशीतल्या पेशी मारणाऱ्या पातळीच्या आसपासचं ग्लुटामेट तुमच्या-माझ्या रक्तात हे वाचत असतानाही फिरतंय. मेंदूत पेशींच्या बाहेरच्या द्रवात मात्र ते जेमतेम काही मायक्रोमोलर किंवा त्याहूनही कमी असतं. रक्तातलं ग्लुटामेट भिंत ओलांडून सहजासहजी आत जात नाही, आणि भिंतीच्या मेंदूकडच्या बाजूला ते बाहेर खेचणारे वाहक प्रथिनांचे पंप बसलेले आहेत. तसं नसतं तर कुठल्याही आहारावर माणूस जगला नसता.

खाल्लेलं ग्लुटामेट तर रक्तापर्यंतही फारसं पोचत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात. नेहमीच्या जेवणातलं सुमारे ९५ टक्के तिथेच संपतं. रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये जपानमध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून काढलेलं ग्लुटामेट, पिकल्या टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि पुडीतलं एमएसजी, पोटात गेल्यावर तिन्हींतला ग्लुटामेटचा रेणू एकच. आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं. ग्लुटामेट बंद तरी कसं करणार? दुधातल्या केसीन या प्रथिनाचा जवळजवळ पाचवा भाग ग्लुटामिक आम्ल आहे. प्रथिनं असलेल्या प्रत्येक घासात ते येतं, शरीर स्वतःही बनवतं, आणि मेंदू तर त्याला लागणारं ग्लुटामेट मुख्यतः ग्लुकोजपासून जागेवरच तयार करतो. बाबांना टोमॅटो दिला नाही म्हणून त्यांच्या मज्जारज्जूत एक कणही कमी होणार नाही.

एमएसजीने डोकं दुखतं, असंही व्हिडिओत असेलच. त्या समजाला १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्राने तोंड फुटलं. पुढे स्वतःला एमएसजी सोसत नाही म्हणणाऱ्या १३० जणांना, कोणाला काय दिलंय हे लपवून, ते पुन्हापुन्हा दिलं गेलं. उपाशीपोटी मोठा डोस घेतल्यावर काहींना तक्रारी जाणवल्या, पण त्याच माणसाला पुढच्या वेळी त्याच तक्रारी होतीलच असं दिसलं नाही. एमएसजीमध्ये सोडियम असतं. बाबांना रक्तदाब असेल तर मिठाच्या हिशेबात ते धरा, बाकी काळजी नको.

आता मूळ आजाराकडे येऊ. मेंदूतला एका पेशीकडून दुसरीला जाणारा उत्तेजक संदेश बहुतांशी ग्लुटामेटच नेतं. शिकणं, आठवणं, हात उचलणं, सगळं त्यावर चालतं. संदेश पोचला की ते काही मिलिसेकंदांत उचललं जायला हवं. हे काम शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या मदतनीस, पेशी करतात, मुख्यतः ईएएटी२ या वाहक प्रथिनाच्या मदतीने. त्या ग्लुटामेटचं निरुपद्रवी ग्लुटामिन करतात आणि चेतापेशीला परत देतात. १९९२ आणि १९९५ मध्ये अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री रोथस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एएलएसच्या अनेक रुग्णांच्या मज्जारज्जूत आणि मेंदूच्या हालचालींच्या भागात ही उचल मंदावलेली असते आणि हे प्रथिन घटलेलं असतं. म्हणजे बिघाड ग्लुटामेट साफ करण्यात आहे. त्यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना आत आलेलं कॅल्शियम आवरणं आधीच जड जातं. अर्थात एएलएसमध्ये एवढंच घडत नाही, हा धागा अनेकांपैकी एक आहे. रिलुझोल चेतापेशींच्या टोकांतून ग्लुटामेट सुटणं कमी करतं. त्याचा उपयोग मर्यादित असतो हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी ते घेत राहणं मोलाचं आहे.

खाण्यापिण्यातून ग्लुटामेट आटोक्यात आणायचा प्रयत्न खरोखर झालेला आहे, आणि तुम्हाला हे कळायलाच हवं. काही विशिष्ट अमिनो आम्लं दिली तर ग्लुटामेट मोडणाऱ्या एन्झाइमला चालना मिळेल, या तर्कावर एएलएसच्या रुग्णांना ती देऊन पाहिली. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आशा वाटली. मग इटलीत मोठी चाचणी झाली, ती थांबवावी लागली, कारण अमिनो आम्लं घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. 'ग्लुटामेट कमी करणाऱ्या' पावडरी आणि गोळ्या कोणी सुचवल्या तर हे आठवा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यातलं काही सुरू करू नका.

खाण्यातून चेतापेशींना इजा होतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभरहून जास्त लोक आजारी पडले, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. त्या शिंपल्यांत डोमोइक आम्ल होतं, जे ग्लुटामेटच्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जोरकस आहे. लाखीच्या डाळीतल्या विषाचंही तसंच आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच जगावं लागलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, इथिओपियापासून बांगलादेशापर्यंत. ग्लुटामेटची नक्कल करणारे हे वेगळे रेणू आहेत. तुमच्या घरातल्या दुधात किंवा तूर-मुगासारख्या नेहमीच्या डाळींत ते नाहीत.

एएलएसमध्ये खाण्याचा खरा धोका उलट बाजूने येतो. वजन घटत गेलं की आजार लवकर बळावतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. गिळायला त्रास व्हायला लागला की खाणं आपोआपच कमी होतं. त्यात आपण प्रथिनं काढून घेतली तर स्नायू आणखी झिजतील. बाबांचं वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. जेवताना ठसका लागतो का, पाणी पिताना खोकला येतो का, जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, यावर लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. खाणं थेट पोटात देण्यासाठी नळी बसवायची वेळ आली तर श्वासाची ताकद फार उतरण्याआधी ती बसवलेली बरी, म्हणून तो विषय डॉक्टरांकडे तुम्हीच आधी काढा.

जेवणाशी रिलुझोलचा संबंध आहे, तो वेळेचा. ही गोळी जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची असते, कारण तेलकट-तुपकट जेवणासोबत ती नीट शोषली जात नाही. सध्या ती नाश्त्याबरोबर देत असाल तर वेळ बदलून घ्या, आणि यकृताची रक्ततपासणी कधी करायची तेही विचारून ठेवा.