आयरिश ‘स्लॉन्च’ म्हणजे नक्की काय, आणि तो कसा वापरतात?

शब्दशः ‘आरोग्य’. पेला उंचावताना म्हणतात म्हणून त्याचा अर्थ ‘चिअर्स’ एवढाच धरला जातो, पण आयर्लंडच्या आरोग्य खात्याच्या आयरिश नावातही हाच शब्द आहे: ‘अन रीन स्लॉन्च’.

मूळ शब्द ‘स्लॉन’, म्हणजे धडधाकट, सुखरूप. त्याला भाववाचक प्रत्यय लागून हे नाम झालं. ‘स्लॉन’चं मूळ लॅटिन ‘साल्वुस’ आणि संस्कृत ‘सर्व’ यांच्याशी जोडतात. मूळ कल्पना ‘अखंड, पुरतं’ अशी. म्हणजे आपल्या ‘सर्व’चा हा लांबचा भाऊबंदच!

उच्चारात ‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे. शेवटी अस्पष्ट ‘अ’ येतो, त्याचा ठसठशीत ‘आ’ करू नका. दक्षिणेकडे, मन्स्टरमध्ये, ‘च’ऐवजी ‘त्य’कडे झुकणारा उच्चार ऐकू येतो.

व्याकरणात हे नाम स्त्रीलिंगी, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘चांगला’ म्हणजे ‘मा’. पण स्त्रीलिंगी नामामागे त्याचा ‘म’ मऊ होऊन ‘व’ होतो, म्हणून ‘स्लॉन्च वा’. ‘स्लॉन्च मा’ म्हटलं की चूक लगेच कानाला खटकते. ‘अन’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) लागलं तर ‘स’ चक्क गिळला जातो: ‘अन त्लॉन्च’. षष्ठीत मात्र नामाचं रूप बदलत नाही.

एकालाच उद्देशून म्हणायचं तर ‘द ह्लॉन्च’ (तुझं आरोग्य). समोर अनेक जण असतील तर ‘वुर स्लॉन्च’, इथे ‘स’ शाबूत.