दोन वर्षांनी लेकीची फी भरायचीय, कुठला इंडेक्स फंड घेऊ?

प्रश्न: मी इचलकरंजीत घरीच ब्लाउज शिवायचं काम करते. सात-आठ वर्षांत 4 लाख रुपये जमलेत, सेव्हिंग खात्यात पडून आहेत. मुलगी आत्ताच अकरावीत गेलीय, दोन वर्षांनी तिला इंजिनीअरिंगला घालायचंय. भाचा म्हणतो आत्या, इंडेक्स फंड सगळ्यात सेफ, निफ्टी 50 घे नाहीतर नेक्स्ट 50, भीती वाटत असेल तर एसआयपी कर. मला शेअर बाजारातलं काहीच कळत नाही. कुठला घेऊ?
– एक वाचक

उत्तर: ताई, सरळच सांगते, हे 4 लाख कुठल्याच इंडेक्स फंडात घालू नका. भाचा अगदीच चुकीचं सांगतोय असं नाही, नवख्या माणसाला इंडेक्स फंड चांगलाच, निफ्टी 50 म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावांवरून काढलेला आकडा, त्याचा फंड घेतला की पैसे एकदम त्या 50 कंपन्यांत विभागले जातात, खर्च कमी, कुणाच्या अंदाजावर भिस्त नाही. पण बाजार पडला की तोही तेवढाच पडतो, आणि तुमच्या पैशाला तारीख आहे. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला सीट लागली की फी भरायला मोजून दोन-चार दिवस मिळतात, तेव्हा बाजार वर यायची वाट बघता येत नाही.

हे मी घरात बघितलंय. माझ्या मावसभावाने जानेवारी 2020 ला, निफ्टी 12,300 च्या वर असताना, फ्लॅटच्या हप्त्याचे 4 लाख निफ्टीच्या फंडात टाकले, दोन-तीन महिन्यांत थोडे वाढतील म्हणून. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात जवळपास 13 टक्के पडून 7,610 वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, 2 लाख 46 हजार, आणि खाली एवढंच, 'तुझ्या वहिनीला अजून सांगितलं नाहीये'. बिल्डरचं डिमांड लेटर आलेलं होतं, विकावंच लागलं. नोव्हेंबरात निफ्टी परत जुन्या जागी आला, पण याचे पैसे तेव्हा आत नव्हतेच.

आणि दरवेळी आठ महिन्यांत भरून निघतं असंही नाही. जानेवारी 2008 ला निफ्टी 6,200 च्या वर होता, ऑक्टोबरात 2,600 च्या खाली, आणि बरोबर दोन वर्षांनी, जानेवारी 2010 उजाडला तेव्हाही 5,200 च्या आसपासच. तुमची मुदतही तेवढीच आहे ना.

एसआयपीने, म्हणजे दर महिन्याला थोडे थोडे पैसे घालून, हे टळत नाही, कारण 24 हप्ते भरून झाल्यावर शेवटच्या महिन्यात बाजार कोसळला तर साठलेली सगळीच रक्कम एकदम खाली येते. नेक्स्ट 50, म्हणजे निफ्टीनंतरच्या 50 कंपन्या, तर पडताना बहुतेक वेळा निफ्टीपेक्षा जास्त आपटतो.

मग करायचं काय? कोर्स चार वर्षांचा आहे, फी दरवर्षी थोडी थोडी जाणार. म्हणून 4 लाखांच्या चार एफडी करा, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या, म्हणजे दर उन्हाळ्यात एक हातात येईल. समजा साडेसहा टक्के व्याज मिळालं, तर 1 लाखाचे दोन वर्षांत 1 लाख 13 हजारांच्या वर होतात, सेव्हिंगपेक्षा कितीतरी बरं. तुमच्याकडे पतसंस्था जास्त व्याज देतात ते माहितेय मला, पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. लेकीच्या फीचे पैसे तिथे नकोत.

इंडेक्स फंड शिकायचाच असेल तर शिवणाच्या पैशातून महिना 500 ची एसआयपी करा, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असं ठरवून. निफ्टी 50 चा एकच फंड बास, तीन फंड कंपन्यांचे तीन घेतले तरी आत त्याच 50 कंपन्या असतात. डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय थेट घेतलेला) घ्या, एक्स्पेन्स रेशो (फंड दरवर्षी कापून घेतो तो खर्च) कमी बघा, आणि गेल्या काही वर्षांत फंड निफ्टीच्या किती मागे राहिला ते भाच्याला काढून द्यायला सांगा. एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) 10 रुपये आहे म्हणून फंड स्वस्त, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, त्याचा काही संबंध नसतो.

एफडी करताना मॅच्युरिटी मे महिन्यात येईल असं बघा आणि फॉर्मवर ऑटो रिन्यूअलला टिक करू देऊ नका, नाहीतर ऐन ॲडमिशनच्या वेळी पैसे परत अडकतात आणि मुदतीआधी मोडायचा दंड बसतो.