बाबांसाठी रडलो नाही, मग लतादीदींसाठी का?

मोठा गायक किंवा गायिका गेली की पुढचे काही आठवडे माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपलं नावही ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी एवढं रडू येणं बरं आहे का? विचारणारे बहुतेक जण मान खाली घालून विचारतात. त्यातल्या एका गृहस्थांबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी सकाळी गेल्या. हे गृहस्थ मार्चमध्ये आले, खरं तर पत्नी घेऊन आली. वय पंचेचाळिशीचं, गाव सांगलीकडचं, पतसंस्थेत वसुलीचं काम. घरात बोलणं कमी झालं होतं, रात्री उठून बसायचे. रिक्षात दीदींचं गाणं लागलं तर मध्येच उतरून चालत जायचे. पत्नी म्हणाली, “मॅडम, वर्ष होत आलं सासरे जाऊन. तेव्हा यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही. सगळं धीरानं केलं. आणि आता हे!”

त्यांच्या मनातला प्रश्न थोडा वेगळा निघाला. पत्नी बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “माझं बाबांवर प्रेमच नव्हतं का हो?”

वडील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. दवाखान्यात भेटायला बंदी होती. शेवटचं बोलणं फोनवर झालं, तेही ऑक्सिजनच्या मास्कमधून. स्मशानात दोघांनाच सोडलं, तेही लांब उभं राहायचं. दहाव्याला नातेवाईक नाहीत, गळ्यात पडायला कुणी नाही. आई स्वतः विलगीकरणात. यांनी कागदपत्रं, दवाखान्याचं बिल, मृत्यूचा दाखला, आईची औषधं असं एकेक निस्तरलं. रडायला मोकळा असा माणूस त्या घरात कुणी उरलाच नव्हता.

मी त्यांना विचारलं, त्या रविवारी टीव्हीवर काय काय पाहिलंत? खूप वेळ सांगत राहिले. ब्रीच कँडीहून पार्थिव आधी पेडर रोडच्या प्रभुकुंजवर नेलं, मग शिवाजी पार्कला. फुलांनी सजवलेला ट्रक, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, शासकीय इतमाम, तिरंगा. दीदींनाही जानेवारीत कोरोनाच झाला होता, हेही त्यांनीच सांगितलं. आणि बोलता बोलता थांबले. “त्यांना घरी आणलं हो. बाबांना आम्ही घरी आणलंच नाही.”

त्यानंतर आम्ही लतादीदींबद्दल कमी आणि बाबांबद्दल जास्त बोललो. सकाळी आकाशवाणी सांगली लावून दाढी करणारे बाबा. तुकोबांचे, ज्ञानोबांचे दीदींनी गायलेले अभंग लागले की आवाज वाढवणारे. गणपतीत आरतीची कॅसेट लावून टाळ वाजवणारे. या माणसाच्या लहानपणात दीदींचा आवाज आणि वडिलांचा आवाज वेगळे काढताच येत नव्हते. दीदी गेल्या तेव्हा बाबांचं घरातलं असणंही संपल्यासारखं वाटलं, आणि त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र रडत होता म्हणून यांनाही रडायची मुभा मिळाली. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात अशा दुःखाबद्दल लिहिलं, जे समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. आपल्याकडे त्याची भाषा ओळखीची आहे. “तुझ्या नात्यातल्या होत्या का?” “नव्वदी पार केली होती, सोनं झालं आयुष्याचं.” असं ऐकलं की माणूस रडणं थांबवतो, दुःख थांबत नाही. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ही दोन वाक्यं तेवढी टाळा.

मात्र प्रत्येकाच्या रडण्यामागे दडलेला दुसरा मृत्यू शोधत बसू नये. त्याच वर्षी ३१ मे ला गायक केके कोलकात्यात कार्यक्रमानंतर अचानक गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी. तेव्हा एक तरुण आला होता. शाळेच्या निरोप समारंभात सगळ्या मित्रांनी मिळून त्यांची गाणी म्हटलेली. त्याच्या घरात कुणी गेलं नव्हतं. त्याला केकेंचंच दुःख झालं होतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. असंच ऐकून घेतलं, दोन भेटींत त्याचं मन हलकं झालं.

या गृहस्थांना वेळ लागला. गाणी जबरदस्तीने ऐकायला लावणं मला पटत नाही. मी एवढंच सुचवलं की एक गाणं तुम्ही निवडा, वेळ तुम्ही ठरवा आणि एकट्याने ऐकू नका, आईजवळ बसा. आईसमोर बाबांचं नाव काढायचं नाही असा घरात न बोलता नियम झाला होता. ते बसले. अभंग सुरू झाला आणि आई म्हणाल्या, “अरे, त्यांना शब्द कुठे पाठ होते? दुसरं कडवं आलं की नुसतं हूं हूं.” मायलेक आधी हसले, मग दोघेही रडले.

अशा रडण्याची काळजी कधी करायची, हेही सांगते. महिना उलटून गेला तरी झोप, जेवण, काम ताळ्यावर येत नसेल तर समुपदेशकाला भेटावं. जवळचं माणूस गेल्यानंतरचा तीव्र शोक सहा महिन्यांहून जास्त तसाच राहिला आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याचं वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचारही आहेत. जगून काय करायचं, असे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

वर्षश्राद्धाला त्यांनी आदल्या वर्षी येऊ न शकलेल्या सगळ्यांना बोलावलं. आत्या आल्या, बाबांचे जुने सहकारी आले, गावातलं भजनी मंडळ बसलं. नंतरच्या भेटीत पत्नीने विचारलं, “अजून एखाद्या गाण्याला यांचे डोळे भरतात, चालेल ना?” मी म्हटलं, चालेल की. रिक्षातून उतरत नाहीत ना आता? ती म्हणाली, “नाही. उलट रिक्षावाल्याला सांगतात, आमच्या बाबांना हे फार आवडायचं.”