काचेच्या कारबॉयमध्ये (अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत) बिअर आंबवताना उजेडापासून वाचवायला काळं कापड पुरेल, की अंबर, म्हणजे तपकिरी काचेचा, कारबॉयच घ्यावा?

कापड पुरेल. जाड, दुहेरी, बुडापासून गळ्यापर्यंत. पण ते कुणी काढणार नाही, एवढा बंदोबस्त आधी करा.

मी न्यू जर्सीत राहतो, बेसमेंटमध्ये बिअर करतो. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली पेल एल जातीची बिअर ऐन फसफसत होती. घरी पाहुणे होते. मी बर्फ आणायला गेलो तेवढ्यात साडूंनी 'फेस कसा चढलाय बघा' म्हणत कारबॉय वर आणला, घोंगडी काढली आणि सनरूममध्ये मांडून ठेवला. दुपारभर. पुढे बाटल्या उघडल्या तर रात्री हायवेवर स्कंक (दुर्गंधी सोडणारा इथला प्राणी) चिरडल्यावर येतो तसा वास. साडूंचं म्हणणं, "अरे, यीस्ट जुनं असेल तुझं. नाहीतर उष्णतेनं झालं."

यीस्टचा इथे काही दोष नाही. उकळताना हॉप्समधून जी कडू द्रव्यं उतरतात, ती उजेडाने तुटतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, निळा उजेड शोषून त्याला हातभार लावतं. त्या तुकड्याला गंधक चिकटलं की एमबीटी नावाचा पदार्थ तयार होतो, स्कंकसारखा वास त्याचाच. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो, आणि तो काढून टाकायचा घरगुती उपाय नाही.

पुढच्या बॅचला मी साडूंना मुद्दाम बोलावलं. एकाच बिअरच्या तीन बाटल्या डेकवर उन्हात ठेवल्या: एक तपकिरी, एक पांढऱ्या, म्हणजे पारदर्शक काचेची, आणि एक तशीच पांढरी पण फॉइलमध्ये गुंडाळलेली. नंतर तिन्ही थंड करून न सांगता ग्लासात ओतल्या. साडूंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच बाजूला सारला, तो उघड्या पांढऱ्या बाटलीतला. फॉइलवाली चांगली निघाली. हा वास उजेडाने येतो, मग उष्णतेचा प्रश्न येतोच कुठे? साडू आजही 'योगायोग' म्हणतात. तुमच्याकडे असं म्हणणारं कुणी असेल तर हाच प्रयोग करून दाखवा, तासाभराचं काम आहे.

अंबर कारबॉयवर पैसे घालू नका. तपकिरी काच बराचसा घातक उजेड अडवते, सगळा नाही, म्हणजे कापड लागणारच. हिरव्या काचेचा उपयोग जवळजवळ शून्य. ट्यूबलाइटही निरुपद्रवी समजू नका.

हो, पांढरी प्लास्टिकची बादली वापरत असाल तर तीही झाका, पातळ प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. कापड ओलं ठेवून गारवा मिळवणार असाल तर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी तोंडावरची झडप) मोकळा राहू द्या. आणि हे सगळं अमेरिकेतलं, जिथे 1979पासून फेडरल कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत बिअर करायची मुभा आहे. महाराष्ट्रात करायचं मनात असेल तर तिथे दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय हात घालू नका.