इंटरसेक्स व्यक्तीला मराठीत तो म्हणायचं की ती?

आधी त्यांनाच विचारा, खरंच. बऱ्याच इंटरसेक्स व्यक्ती स्वतःला सरळ बाई किंवा पुरुष मानतात आणि ती किंवा तो हेच वापरतात. इंटरसेक्स हा शरीराचा भाग आहे, म्हणजे क्रोमोसोम, हार्मोन किंवा अवयव नेहमीच्या दोन साच्यांत न बसणं, आणि ट्रान्सजेंडर असणं, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, ही वेगळी गोष्ट. उदा. पूर्ण (कम्प्लीट) अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटीत क्रोमोसोम एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तसे, असतात पण शरीर अँड्रोजेनला, म्हणजे पुरुषी हार्मोनला, दाद देत नाही, त्यामुळे मूल सहसा मुलगी म्हणूनच वाढतं आणि बऱ्याचदा पाळी आली नाही म्हणून तपासणी केली की मग कळतं, आता अशा मुलीला अचानक तो म्हणायचं का? अजिबात नाही!

कुणाला दोन्ही नको असेल तर मराठीची अडचण अशी की सर्वनाम बदललं तरी क्रियापद बऱ्याचदा लिंग सांगतंच, गेला, गेली. ‘ते आलं’ तर प्लीज नको, वस्तूबद्दल बोलल्यासारखं वाटतं. आदरार्थी वापरा, ‘उद्या येतील’, ‘त्यांचा फोन होता’, यात लिंग कळत नाही आणि काहीच खटकत नाही. आणि शरीराबद्दल खोदून विचारू नका, तो त्यांचा खाजगी विषय आहे.